घरातल्या घरात खिडकी

प्रभादेवीच्या एका गल्लीत माझ्या आत्याचं घर आहे. दोन्ही बाजूंना टॉवर आणि मधे हे कौलारू. बाहेरून एकसंध दिसतं, पण ते थोडं थोडं करून वाढलंय. इथे गाव होतं तेव्हा मधली खोली आणि मागचं स्वयंपाकघर एवढंच होतं, जाड मातीच्या भिंतींचं. मग पुढे पडवी आली. कोकणातून नातेवाईक मिलमध्ये कामाला यायला लागले तशी पडवी बंद करून तिची खोली झाली, वर लाकडी माळा चढला.

मागच्या हिवाळ्यात पुढच्या खोलीचा गिलावा सुटायला लागला. दुरुस्तीआधी घराचा नकाशा काढून ठेवावा म्हणून मी टेप घेऊन गेले. आत्याने एक टोक धरलं. पुढच्या आणि मधल्या खोलीमधल्या भिंतीशी आलो तशी ती थांबली आणि भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "इथे खिडकी होती."

"घरातल्या घरात?"

"तेव्हा ही बाहेरची भिंत होती गं. पडवी बंद केली तेव्हा बुजवली असणार. मी फार लहान होते. खिडकीशी बसलेय आणि बाहेर सगळं हिरवं आहे, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. स्वप्नही असेल."

गवंड्याने गिलावा खरवडला, तर तिथे मातीत विटांचा चौकोन दिसला. आत्याने त्या काढायला लावल्या. मागे सागवानी चौकट होती, लाकडी गजांसकट. इतकी खाली, की जमिनीवर बसलेल्या माणसालाही बाहेरचं दिसावं.

आत्या मधल्या खोलीत जाऊन मांडी घालून तिच्यापुढे बसली. मीही टेकले. समोर रिकामी केलेली पुढची खोली, उघडं दार, त्यापलीकडे गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं. पाण्यावरून परतलेला उजेड छताला हलत होता. दाराबाहेर आता आत्याचं ते हिरवं शेत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी ते शोधत होते.

"म्हणजे खरंच बसायचे मी इथे," आत्या हळूच म्हणाली.

गवंड्याने विचारलं, "परत बुजवू?"

"नको. राहू दे अशीच."

आता दुपारी ती तिथेच असते. शेजारणी पुढच्या खोलीत येऊन बसतात, गप्पा गजांतून चालतात. दोन गजांमधली फट चांगली रुंद आहे. चहाचा कप सहज जातो.