आईचं म्हणणं मी इंग्रजीत सांगितलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावाला तर नाहीच. आईला सांगायचा प्रश्नच — पण थांबा, आधी बाबांबद्दल सांगते. फार गोड माणूस होते ते. हे आधी सांगितलं नाही तर तुम्ही त्यांना उगाच शिव्या घालाल.

आम्ही दिल्लीत द्वारकेला राहायला गेलो तेव्हा तिथे अर्धवट इमारती आणि वाळूचे ढीग. नळाला पाणी नाही, टँकर यायचा. मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते. पण बाबांना स्वतःच्या फ्लॅटचं काय कौतुक! संध्याकाळी बाल्कनीत उभे राहून, डोक्यावरून उतरणारं प्रत्येक विमान कुठून आलं ते मला सांगायचे. बिनधास्त ठोकून द्यायचे. मला कळायचं, तरी मी ऐकायचे. सोसायटीच्या गणपतीत त्यांनी शेजारच्या पंजाबी काकूंकडून अख्खी आरती पाठ करून घेतली होती. हातात कायम स्टीलचा पेला. त्यात पाणी नसायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मला ते दिवस अजून आवडतात. म्हणायला लाज वाटते — पण आवडतात.

मग पेला सकाळीही दिसायला लागला. हात इतके थरथरायचे की दाढी करताना कापून घ्यायचे. ऑफिसला दांड्या. भाऊ जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा. आई काही बोलायची नाही. साताऱ्याकडच्या गावातून आलेली ती, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती हिंदी तिला जमायची. पण हे घरातलं बोलणार कुणाशी?

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाबा तपासायच्या टेबलावर, आई आणि मी खुर्च्यांवर. डॉक्टरांनी आईला विचारलं, "ये पीते हैं? कितनी?" आणि माझ्या आईनं — जन्मात पहिल्यांदा — तोंड उघडलं. घाबरली की तिची हिंदी पळून जायची, म्हणून मराठीतच बोलली. "संध्याकाळ झाली की घेतातच. आता सकाळीपण. माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी सांगा त्यांना." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबांनीही पाहिलं.

हिंदीत काही वेगळं सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. म्हणून — हो, शाळकरी पोरीनं एवढा विचार केला — मी इंग्रजीत बोलले. "शी सेज ओन्ली ऑकेजनली, डॉक्टर. इन पार्टीज." डॉक्टरांनी मान डोलावली. कावीळ आहे म्हणाले, तेल-तूप बंद करायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. दारूचा विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "बिल्कुल मेमसाहेब झालीस गं!" म्हणाले, आणि आइस्क्रीम घेऊन दिलं. तुम्हाला वाटेल, मला रडू आलं असेल. छे. मला अभिमान वाटला — माझ्या इंग्रजीचा.

पुढे त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टवरूनच सगळं कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता. बाबा गेले. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर वाचले असते? कोण जाणे. कदाचित तरीही प्यायलेच असते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आई अजून त्या पहिल्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडते. "सगळं सांगितलं होतं मी त्याला. मान डोलावली मेल्यानं, आणि केलं काय?" मी समोर बसून "हो ना" म्हणते. दर वेळी. त्या दिवसानंतर आईनं मनातलं पुन्हा कुणाला सांगितलं नाही. आपण बोलून काही होत नाही, हे ती त्या खोलीतून पक्कं शिकून आली. ते मी शिकवलं.

परवा तिच्या छातीत दुखत होतं. आता तिची हिंदी माझ्याइतकीच चांगली आहे. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, कुठे दुखतं, कधीपासून. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच सांग गं. तुझं ऐकतात."

आणि मी सांगितलं.