वैशालीचा फोटो उतरवायचा राहिला

वैशाली गेल्याचं तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावत होतो. डेंग्यूचा ताप, चार दिवस दवाखाना, आणि संपलं… वय एकतीस. वर बातमी माझ्याआधी पोचली होती. पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीवर तिचा फोटो होता, त्याला कुणीतरी हार घातला होता. खाली ‘महिन्याचा स्टार’ ही सोनेरी पट्टी तशीच. हा फोटो काढा, असं तिनं मला निदान तीनदा सांगितलं होतं. मी दर वेळी हसून टाळलं.

आमची कंपनी लहान. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांसाठी बिलांची आणि पार्सलांची सॉफ्टवेअर बनवते, त्या टीमचा मी प्रमुख. वैशाली डिंडोलीची, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतली. वडील लूमवर कापड विणायला, घरात अहिराणी, ऑफिसात मात्र झरझर गुजराती. कामाला अशी की दुसऱ्यानं आठवडाभर घोळवलेलं ती दोन दिवसांत हातावेगळं करायची. मी तिला स्टार केलं. केक, टाळ्या, फोटो. पुढचे सात महिनेही तीच. “जरा वैशालीकडे बघा,” असं मी बाकीच्यांना येताजाता सुनवायचो. मला वाटायचं, यानं त्यांच्यात चुरस लागेल, काम सुधारेल. झालं भलतंच. अवघड काम आलं की सगळे ते तिच्याकडे ढकलू लागले, आणि डब्याच्या वेळी तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. एकदा ती म्हणाली, “सर, पूर्वी काही अडलं की मी शेजारच्यांना विचारायचे. आता विचारलं तर हसतात. मला येत नाही असं म्हणायची सोयच राहिली नाही.”

“चांगलंय की,” मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

मग ती दिवाळी आली. पार्सलावर चिकटवायची चिठ्ठी छापणारा भाग वैशालीनं लिहिला होता. त्यात गावाच्या इंग्रजी नावातली पहिली तीनच अक्षरं घेतली जात होती, आणि त्या हिशेबानं जळगाव आणि जालना एकच होत होतं. एका व्यापाऱ्याच्या साड्यांचे गठ्ठे ऐन सणाच्या तोंडावर जळगावऐवजी जालन्याला जाऊन पडले. तो ऑफिसात येऊन आरडाओरडा करून गेला. आमच्याकडे तपासणीचं काम किंजल करायची, नुकतीच लागलेली. चौकशी केली तर कळलं, तिला ही गफलत तीन दिवस आधीच दिसली होती. बोलली का नाहीस, असं विचारल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, “वैशालीदीदीनुं काम हतुं ने…” वैशालीनं केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार, असं तिला वाटलं होतं.

त्यानंतर मी खोटं बोललो. आमच्या मालकांना, भावेशभाईंना, मी सांगितलं की चूक तपासणीतली आहे. ज्या मुलीला मी आठ महिने डोक्यावर घेऊन नाचलो होतो, तिला डाग लागला तर माझीही शोभा होणार होती… किंजलला काढायचं ठरलं. वैशालीला कळलं तशी ती उठून थेट मालकांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. “भावेशभाई, भूल मारी छे. किंजलनी नथी.” चूक माझी, किंजलची नाही, हे सगळ्यांनी ऐकलं. बाहेर आल्यावर माझ्या टेबलाशी थांबून हळू आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही मला वाचवलं नाहीत. एकटं पाडलंत.”

किंजलची नोकरी राहिली. वैशाली माझ्याशी मात्र त्यानंतर कामापुरतंच बोलली. माफी मागायची असं मी ठरवत राहिलो. ठरवण्यातच ती गेली.

तेराव्यानंतर भावेशभाई म्हणाले, वर्षाच्या सर्वोत्कृष्ट कर्मचाऱ्याच्या बक्षिसाला वैशालीचं नाव देऊ. मी म्हटलं, तिला हे आवडलं नसतं. त्यांना समजेना. मान देतोय, अपमान थोडाच करतोय? मग मी डिंडोलीला तिच्या वडिलांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझं वागणंही लपवलं नाही. कपातला चहा तसाच धरून ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “मन्ही पोरनं नाव ऱ्हाई ना, भाऊ. ऱ्हाऊ द्या.” पोरीचं नाव राहील, एवढंच त्यांना हवं होतं. त्या माणसापुढे मी काय वाद घालणार? बक्षिसाला तिचं नाव लागलं. मी बोललो नाही, हे बरोबर केलं की पुन्हा एकदा गप्प बसलो… अजून ठरत नाही. मीटिंगमध्ये बसलो की हेच डोक्यात फिरतं.

परवा किंजलनं एक गोष्ट सांगितली. त्या दिवाळीनंतर वैशाली रोज दुपारच्या चहाला खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायची आणि म्हणायची, “माझ्या कामात एक चूक काढ. निघाल्याशिवाय मी उठणार नाही.” मी लांबून बघायचो, मला वाटायचं गप्पा मारतात.

काल चहाच्या वेळी मी माझी खुर्ची किंजलच्या टेबलाशी नेली. माझं काम तिच्यासमोर उघडलं. म्हटलं, चूक काढ. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मान हलवली. “नथी, सर.”

होती. मला ती चूक सकाळीच दिसली होती. मी उठलो नाही. कप रिकामे झाले, बाकीचे जागेवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं तिचं बोट हळूच स्क्रीनवरच्या नेमक्या त्या ओळीकडे गेलं.