जजसाहेबांची मान

न्यायदानाच्या क्षेत्रात वाशीम जिल्ह्याचं नाव विश्वनाथ सरकटे यांच्याइतकं दूरवर कोणीही नेलेलं नाही. तीसेक वर्षं ते न्यायासनावर होते. त्या काळात त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही, एक रुपया लाच घेतली नाही, आणि त्यांचा एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही. अर्थात निकाल फिरायला वरचं कोर्ट असावं लागतं. विश्वनाथचं न्यायासन मुंबईतल्या एका स्टुडिओत होतं, प्लायवूडचं होतं, आणि ज्या दिवशी खटला नसे त्या दिवशी दुसऱ्या मालिकेतले डॉक्टर त्याच टेबलावर रक्तदाब तपासत.

तो टीव्हीवरचा जज होता. तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही, कारण शेवटच्या नावांच्या पाट्या पडायच्या आत आपण टीव्ही बंद करतो. शेलूबाजारच्या शाळेत तो माझ्या बाकावर बसत असे. नोकरी शोधायला मुंबईला गेला, नाटकांत भाले धरून उभा राहिला, आणि एकदा एका मालिकेतले जज ऐनवेळी आजारी पडले तेव्हा त्यांचा काळा कोट विश्वनाथच्या अंगात बरोबर बसला. अभिनयाच्या क्षेत्रातला त्याचा प्रवेश असा शिंप्याच्या कृपेनं झाला. पुढे मालिका बदलल्या, वाहिन्या बदलल्या, कोट तोच राहिला.

बायको गेल्यावर तो मुंबई सोडून गावी आला तेव्हा त्याची एक सवय मला पहिल्याच दिवशी दिसली. समोरचा बोलू लागला की तो हनुवटी दोन बोटांवर टेकवायचा, डोळे किंचित मिटायचा आणि मान हलवायचा. उगाच भराभरा नव्हे. सावकाश, जणू आपला शब्द न् शब्द आत कुठे तरी ठेवून घेतला जातो आहे. मी त्याला माझ्या अडकलेल्या पेन्शनची हकीकत सांगितली. इतकं मन लावून ती माझ्या बायकोनंही कधी ऐकली नव्हती. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मास्तर, घुडघ्याले तेल लावत जाय."

मी रागावलो, तेव्हा तो हसला. "लेका, मान पाहून फसला ना? सारा महाराष्ट्र फसला."

मग त्यानं मला त्या मानेचं शास्त्र सांगितलं. मालिकेतल्या कोर्टात वकील ओरडतात, साक्षीदार रडतात, आरोपी शपथा घेतात, आणि मधूनमधून जजचा चेहरा दिसतो. तो चेहरा त्या वेळचा नसतो. जजला महिन्यातून एखाद्या दिवशी बोलवायचे आणि त्याच्या सगळ्या माना एकदमच घेऊन ठेवायचे. गंभीर मान. संशयाची मान. आश्चर्याची मान. साक्षीदार बाई असेल तर थोडी दयेची मान. समोर कोणी नसे. सहायक दिग्दर्शक मूठ वर धरी. विश्वनाथ त्या मुठीकडे बघून हेलावत असे. पुढे संकलक ज्या प्रसंगाला जी लागेल ती मान चिकटवी.

"पयले पयले सारे समोर राहत, तवा म्या खरंच आयकत होतो," तो म्हणाला. "एक बाई साक्ष देऊन राह्यली होती, मले रडू आलं. डायरेक्टर म्हने, सरकटे, तुमी प्रेक्षक नाई, जज हाय. तवापासून कान बंद. कॅमेरा तोंड पाह्यते, कान पाह्यत नाई."

त्याचं आणखी एक वाक्य होतं: "जजले कामं दोनच. मान हालवनं आन् निकाल देनं. मधातलं सारं दुसरे करतात."

रिसोडहून एक तरुण मोबाइल आणि माईक घेऊन त्याची मुलाखत घ्यायला आला होता. त्यानं घसा साफ करून विचारलं, "सर, आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीकडे वळून पाहताना काय वाटतं?"

"वळून पाह्यलं की मान दुखते," विश्वनाथ म्हणाला.

तरुणानं ते वाक्य गाळलं आणि खाली 'न्यायमूर्तींशी दिलखुलास संवाद' असं लिहिलं. लोकांना मात्र ते 'न्यायमूर्ती' खटकलं नाही. गावात त्याला जजसाहेबच म्हणत. लोक भोळे होते असं नाही. तो नट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खऱ्या कोर्टात जायचं म्हणजे तालुक्याच्या चकरा, वकिलाची फी आणि तारखा. इथे ओसरीवर चहा मिळे, निकाल त्याच दिवशी लागे, आणि देणाऱ्याचा आवाज खऱ्या जजपेक्षा चांगला होता. आधी कोणाच्या तरी धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आलं. विश्वनाथनं हात जोडले. "बापा, म्या खोटा जज हाओ." त्यावर तो म्हातारा म्हणाला, "मंग काय झालं साहेब, भांडन बी खोटंच हाय. दोघाइले थांबाचं हाय, कोनी 'थांबा' म्हनून नाई राह्यलं."

विश्वनाथनं मान हलवली आणि आवाज लावला. दोघे थांबले. मग बकरी कोणाच्या शेतात शिरली ते आलं, मग नळाच्या पाण्याचं आलं. रविवारी सकाळी ओसरीवर खुर्च्या पडू लागल्या. मी त्याला म्हणालो, "विश्या, हे जास्त होऊन राह्यलं." तो म्हणाला, "मास्तर, लोक राजीखुशीनं घरी जातात. खरं कोर्ट एवढं तरी करते का?" मी आणखी एक कप मागितला. ओसरीवरचा चहा चांगला असे.

अशाच एका रविवारी गावातला गजानन आपल्या बहिणीला, कमलला, घेऊन आला. कमल रिसोडला दिलेली. नवरा वारला होता, भाड्याच्या खोलीत शिवणकाम करून राहत होती. बापाची जमीन हायवेला लागून होती आणि तिला आता भाव आला होता. आमच्याकडे अशा वेळी रीत अशी की भाऊ बहिणीला साडीचोळी करतो, आणि बहीण रजिस्टर ऑफिसात जाऊन हक्कसोड पत्रावर सही करते. बहुतेक जणी करतात. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर तुटतं, असं सांगायला प्रत्येक घरात कोणी ना कोणी असतं. कमल सही करत नव्हती. म्हणून गजाननला जजसाहेब आठवले.

कमल बरंच बोलली. खाली बघून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. विश्वनाथची हनुवटी दोन बोटांवर होती, डोळे अर्धे मिटलेले. मान अशी हलत होती की माझ्यासारख्या जाणकारालाही वाटलं, आज गडी ऐकतो आहे. ती थांबली. आणि मग तो पल्लेदार आवाज आला.

"कमल, सात-बाऱ्यावरचं नाव तलाठी खोडू शकतो. भावाच्या काळजावरचं नाव कोणीही खोडू शकत नाही. तुला काय पाहिजे, ते तू ठरव."

ओसरीवर कोणी तरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. मीही. गजाननच्या डोळ्यांत पाणी होतं. कमलनं पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली. त्याच आठवड्यात तिनं सही केली. साडी मोरपंखी रंगाची होती.

नंतर मी त्याला विचारलं, "वाक्य कुठलं रे?" तो खुशीत होता. "जुनं हाय. शिरियलीत 'कागदावरचं नाव' होतं. तलाठी म्या घातला."

दिवाळीत कमल भाऊबीजेला आली. गजाननच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, जमिनीचा सौदा झाला, तिथे हॉटेल होणार, आणि गजानन वाशीमला नवा फ्लॅट घेऊन गेला. पत्ता काही देऊन गेला नाही. कमल ओवाळणीचं ताट असलेली पिशवी घेऊन विश्वनाथच्या ओसरीवर आली. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. ती रडली नाही, भांडलीही नाही. खुर्चीवर बस म्हटलं तरी खालीच बसली.

"दादा, एक इच्यारू?"

विश्वनाथची दोन बोटं आपोआप हनुवटीकडे गेली.

"त्या दिवशी म्या तुमाले काय सांगतलं होतं, सांगा बरं."

तो तिच्याकडे बघत राहिला. बोटं हनुवटीवर तशीच. मान हलेना.

"सांगा ना. म्या लय येळ बोलली होती. तुमी मान हालवून राह्यले होते."

"जमिनीचं..." विश्वनाथ म्हणाला.

"जमिनीचं तं सारेच बोलतात. म्या जमिनीचं बोललीच नाई." ती थांबली. "म्या म्हनलं होतं, मले माह्या भावाचा भेव वाटते. सही केली का थो मले दारात उभी करनार नाई, हे मले मालूम हाय. तुमी त्याले समजावा, म्हनलं होतं. तुमीच एक हाय म्हनलं, त्याले समजावनारे."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. विश्वनाथनं हनुवटीवरचा हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मी पेपरची घडी करत होतो. ती बराच वेळ झाली नाही. मीही तिथेच होतो. तिचं ते बोलणं मला तरी कुठे आठवत होतं? मला वाक्य आठवत होतं.

ती गेल्यावर तो आत गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो वाशीमला गेला. विचारत विचारत आम्ही गजाननचा फ्लॅट शोधला. गजानननं पाय धरले, काजू पुढे केले. विश्वनाथ म्हणाला, "गजानन, बहिनीचा हिस्सा देऊन टाक."

"साहेब, निकाल तं तुमीच देल्ला!"

"चुकीचा देल्ला."

"आता काय करता साहेब," गजानन हसून म्हणाला, "अपील तं तुमच्यापाशी नसते ना."

जिना उतरताना विश्वनाथ कठड्याला धरून थांबला. "मास्तर, हे बी चांगलं वाक्य हाय. शिरियलीत चाललं असतं."

त्यानंतर ओसरीवरच्या खुर्च्या गेल्या. कोणी जजसाहेब म्हटलं की तो दुसऱ्या बाजूला बघे. एका संस्थेनं त्याला जीवनगौरव पुरस्कार देऊ केला. त्यानं पोट बिघडल्याचं कळवलं. टीव्ही त्यानं शेजाऱ्याला देऊन टाकला. सगळ्यात अवघड गेली ती मान. समोरचा बोलू लागला की ती हलू लागे, आणि हलली की तो दचकून थांबे आणि म्हणे, "पुन्हा सांग. म्या आयकलं का नाई, पाह्यतो." मग आपण काय बोललो ते तो शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवी. बोलणाऱ्याला यात अपमान वाटे. लोक येईनासे झाले. पूर्वी ऐकत नव्हता तेव्हा ओसरी भरलेली होती. ऐकू लागला तेव्हा मी एकटा उरलो, आणि माझ्याजवळ पेन्शनशिवाय विषय नव्हता.

कमलनं दावा लावला तो त्याच्याच सांगण्यावरून. सही आपल्या राजीखुशीची नव्हती, आपल्यावर दबाव होता, असं तिचं म्हणणं. दबाव कोणाचा, याचा साक्षीदार विश्वनाथ. आपल्याविरुद्ध आपणच साक्ष द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. साक्षीची तारीख वर्षभरानं लागली; जाताना त्यानं साधा सदरा घातला.

तालुक्याच्या कोर्टात हातोडा नव्हता. आपल्या देशात तो नसतोच. मालिकांना हे कोणी सांगत नाही. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. त्या मान हलवत नव्हत्या. खाली बघून लिहीत होत्या. विश्वनाथ साक्षीदाराच्या कठड्यात उभा राहिला. एवढ्या वर्षांत या बाजूनं त्यानं कोर्ट पाहिलंच नव्हतं.

"जरा मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाल्या. "ऐकू येत नाही."

त्यानं पुन्हा सांगितलं. आवाज येईना.

गजाननचा वकील उलटतपासणीला उठला. "आपण न्यायाधीश आहात?"

"नाई."

"वकील?"

"नाई."

"वादी बाईंचे नातेवाईक?"

"नाई."

"मग आपल्या सांगण्यावरून ही बाई स्वतःची जमीन कशी काय सोडेल?"

"म्या चांगलं बोलतो," विश्वनाथ म्हणाला. "म्हनून."

न्यायाधीशांनी हे उत्तर त्याला पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं.

बाहेर चहाच्या टपरीवर कमल उभी होती. तो तिच्यासमोर जाऊन हात जोडणार, एवढ्यात तीच म्हणाली, "दादा, त्या दिवशी एवढंच हळू बोलले असते, तं मले आयकूच गेलं नसतं. सही झालीच नसती."

ती गमतीनं म्हणाली की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला. तो त्यानं घेतला, आणि थंड होईपर्यंत हातातच धरून ठेवला.

त्या थंडीतच तो गेला. झोपेत गेला, असं डॉक्टर म्हणाले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात शोकसभा झाली. अध्यक्ष कोण असावा यावर थोडी चर्चा झाली आणि गजाननची जमीन घेऊन जो हॉटेल बांधत होता तो अध्यक्ष झाला. गजानन छान बोलला. "साहेबांनी आमच्या घरचा वाद एका वाक्यात मिटवला," असं म्हणून त्यानं ते वाक्य म्हणून दाखवलं. तलाठ्यासकट. लोकांचे डोळे भरून आले. मला टाळ्यांची भीती वाटली, पण शोकसभा असल्यामुळे त्या वाजल्या नाहीत. कमल दाराजवळ बसली होती. वक्ते बोलत होते, 'न्यायाचा बुलंद आवाज हरपला' वगैरे, आणि ती आपल्या पायांकडे बघत होती.

निकालात विश्वनाथच्या साक्षीला किती वजन मिळेल, हे कमलच्या वकिलालाही सांगता येत नाही. उलटतपासणी पुरी झाली हे बरं झालं, एवढं तो म्हणतो. मेलेल्या माणसाची अर्धी साक्ष कामाची नसते.

पुढच्या तारखेला मी कमलबरोबर कोर्टात गेलो. न्यायाधीश रजेवर होत्या.