साहेबाचा मामा

खोपोलीच्या एका कारखान्यातली फिटरची नोकरी माझ्या हातची गेली, कारण तिथल्या साहेबाला मी फार आवडलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आयटीआय करून मी कडावला घरी बसलो होतो. दोन मुलाखती वाया गेलेल्या. तिसरीही गेली, तर आमच्या थोरल्या काकांच्या, म्हणजे तात्यांच्या म्हशी मी राखायच्या, असं घरात ठरलं होतं. (म्हशींना कुणी विचारलं नव्हतं!)

तात्यांनीच माझा अर्ज सुधारायला घेतला. भातगिरणीच्या मिस्त्रीच्या हातात मी एकदा पाने-पक्कड दिली होती, त्याचा 'इंजिन दुरुस्तीचा दांडगा अनुभव' झाला.

"तात्या, आन् इंजिनाचं इचारलं तर?"

"इचारू द्यायचंच नाय! बसल्या बसल्या नातं काढायचं. नात्यातल्या मानसाला कोन परश्न इचारतंय?"

साहेब माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कडक इस्त्रीचा. अर्ज वाचून म्हणाला, "कुठलं इंजिन होतं?"

मला तात्यांचा सल्ला आठवला. "साहेब, तुमचं गाव कंचं?"

"कळंब. का?"

"आन् आईचं माहेर?"

"लोधिवली."

"आईचं नाव सुमन तर नाय?"

"हो!"

"आवो, मंजी आमच्या चुलत आत्याची लेक! माझी सुमाताई!"

साहेबाने बोटांवर नातं मोजलं आणि ताडकन उठला. "म्हणजे तुम्ही माझे मामा!" टेबलाला वळसा घालून तो चक्क माझ्या पाया पडला! चहा आला, चिवडा आला, इंजिन राहिलं. मनातल्या मनात मी रुजूसुद्धा झालो.

निघताना विचारलं, "मंग कवापासून येऊ?"

साहेबाचा चेहरा पडला. "मामा, फिटरला तेलाच्या खड्ड्यात उतरावं लागतं. मी तुम्हाला 'उतर रे' म्हणू? आई घरात घेईल का मला?"

"आरं, म्हन की!"

"नाय मामा," आता तोही गावच्या बोलीवर आला, "पाप लागंल!"

तात्या घरी कपाळ बडवत होते. "नातं काढ म्हनलं, तर एवढं मोठं कशाला काढलंस? भाचा व्हायचं रं!"

महिन्याभराने साहेबाचा लिफाफा आला. आईने तो आधी देवापुढे ठेवला. मग फोडला. त्याच्याच लग्नाची पत्रिका! साहेबाने मला शेवटी उभं केलंच, पण नवरदेवामागे, मामा म्हणून.

लग्नाहून परतल्यावर मी मुकाट म्हशींकडे रुजू झालो. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तात्यांचं खरंच होतं: नात्यातल्या माणसाला कोण प्रश्न विचारतंय!