आधी बोल, मंग पाय

मामा वारले तेव्हा माझा आकडा जुळत नव्हता.

आज वर्ष झालं. अजूनही जुळत नाही.

मी इथे सहसा पोस्ट लिहीत नाही. पण जे सांगायचं आहे ते मामांना फोन करून सांगायचं होतं, आणि तो नंबर आता कुणी उचलत नाही.

मामा केशोरीजवळच्या आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, शेताच्या छोट्या तुकड्यांना, वाटून देणारा माणूस. चौथी पास.

माझं काम कोलायडरचं. तिथे कण एकमेकांवर आदळवून नवीन कण शोधतात. मी ते मशीन चालवत नाही. मी बंगळुरूत बसून आधी गणित करते, की नवीन काहीच नसेल तर काय आणि किती दिसायला हवं. मोजणी त्याहून वेगळी आली, तरच नवीन काही असण्याची शक्यता. म्हणून माझा आकडा ढिला चालत नाही.

हे मामांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग हे त आपल्या तलावावानीच हाय. एवढं शिकाले बंगलोरले कायले गेली?"

तलावात खुणा केलेला एक लाकडी खुंटा आहे. मामा रोज संध्याकाळी ऊन, वारा, सोडलेलं पाणी पाहून बोलायचे, "उद्या दोन बोटं उतरन."

सकाळी खुंटा पाहायचा. बोलल्यापेक्षा जास्त उतरलं, तर पाळीत, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधात, कुठेतरी खेकड्याचं बीळ.

मी नऊ वर्षांची असेन. दिवाळीच्या सुट्टीत मामा म्हणाले, तू पण बोल.

मी म्हटलं, सकाळी बोलते.

सकाळी लवकर उठून गुपचूप खुंटा पाहून आले आणि म्हटलं, "तीन बोटं." मामा दोन बोलले होते. उतरलं तीनच.

"वा वो बाई! तुले त माह्यापेक्षा जास्त समजते!"

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मामांना खरंच वाटलं की पोरीचा अंदाज बरोबर आहे, आपलाच चुकतोय. ऊन वाढलं असेल. म्हणून त्यांनी पाळ तपासली नाही.

तिसऱ्या सकाळी पाळीला हातभर भगदाड.

सगळं गाव माती आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घेऊन धावलं. दुपारपर्यंत बुजवलं. तोवर खालच्या दोन बांध्यांतला कापलेला धान भिजून गेला होता.

मामांनी माझ्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत तलावाचा चिखल.

"पायून बोलत होती का वो?"

मी मानेनेच हो म्हटलं.

ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी बोल, मंग पाय. पायून बोलली त बीळ कसं दिसन?"

दोन वर्षांपूर्वी माझा आकडा आला आणि तो कोलायडरच्या आधीच्या मोजणीशी जुळला नाही.

आमच्या गणितात एक किंमत आपण निवडायची असते. ती बदलली की उत्तर थोडं हलतं. मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, "ती दुसरी किंमत घे ना. छान जुळतं. आणि तसं चूकही नाही."

तसं चूक नव्हतंच. नोकरी तात्पुरती होती. पेपर हवा होता. ती किंमत घालून मी फाईल तयार केली.

त्या रविवारी मामांचा फोन आला.

"झाला का तुया आकडा?"

"जमवता येते, मामा."

पलीकडे खोकल्याची उबळ.

"जमवता येते म्हन्जे? पायाले चिखल लागला का वो?"

फाईल डिलीट केली. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

पाच महिन्यांनी चूक सापडली. दोन कण अगदी सारखे, त्यांची अदलाबदल केली तरी चित्र तेच राहतं. आणि मी ते एकच चित्र दोनदा मोजलं होतं. विद्यार्थ्यांना मी ज्यासाठी रागावते, तीच चूक. ती दुसरी किंमत घेतली असती तर ही कधीच दिसली नसती.

ती काढल्यावर फरक अर्धा झाला.

"मामा, अर्धंच बुजलं."

"मंग खेकडे दोन असतीन," म्हणून हसले. मग म्हणाले, "नाही त दुसरा खेकडा नसनच. काही वेगळंच असन. तू बीळ शोध पयले."

शेवटचं बोलणं गोंदियाच्या दवाखान्यात. ऑक्सिजन लावलेला. नर्स म्हणत होती, "बाबाजी, बात मत करो." त्यांनी मला हातानेच जवळ बोलावलं.

"बोलली का?"

"नाही मामा. अजून तपासून राहिली."

"तपासून रायली का भिऊन रायली?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं.

या वर्षात सगळं गणित दोनदा पुन्हा केलं. एका मैत्रिणीने माझं काही न पाहता वेगळ्या पद्धतीने केलं. तिचंही तेच उत्तर आलं. उरलेला अर्धा फरक तसाच आहे.

कोलायडरचा नवीन डेटा, आधीपेक्षा कितीतरी जास्त, अजून बंद आहे, कुणीच पाहिलेला नाही. पुढच्या महिन्यात उघडतील. बरेच जण म्हणाले, थांब, उघडल्यावर आकडा टाक. हसं होणार नाही.

आज वर्षश्राद्धाला गावी आले आहे. इथे नेटवर्क फक्त पाळीवर येतं. सकाळी खुंट्यासमोर बसून मी माझा आकडा, त्यातल्या अनिश्चिततेसकट, सगळ्यांना दिसेल असा नेटवर टाकला. आता तो बदलता येणार नाही.

चुकला तर चुकला. दुसरा खेकडा शोधेन.

पाय कोरडे आहेत.

मामा, मी बोलली.

आता पायू.