आरशाच्या बाईंचा तास

पडदा वर जातो तेव्हा दिसते शाळेतली जिन्याखालची खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं. चामड्याच्या चेंडूंचा वास भिंतींनी अजून सोडलेला नाही. भिंतीला हातभर आरसा, टेबलावर फुंकर मारायला कागदाचे कपटे, आणि बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या, तिशीही न गाठलेल्या बाई. अडखळणाऱ्या, बोबड्या, शब्द गिळणाऱ्या मुलांना बोलतं करणं हा त्यांचा पेशा. हुद्दा लांबलचक होता. मुलांनी त्याचं सुटसुटीत 'आरशाच्या बाई' करून टाकलं.

काय दिवस होते ते! आज बाईंचे केस पार पिकलेत, पण त्या वर्षीची गोष्ट निघाली की आवाज पुन्हा त्या वयाचा होतो.

नऊ वर्षांची एक मुलगी. अडखळायची, म्हणून वर्गात तोंडच उघडत नसे. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, निर्वाणीचं सांगितलं होतं, "सहामाहीपर्यंत वर्गात बोलली तर ठीक. नाहीतर दुसरी शाळा बघा म्हणावं."

चार महिन्यांत पोरगी खोलीत बोलायला लागली. अडली की थांबायची, श्वास घ्यायची, वाक्य पुन्हा उचलायची. शेजारच्या काकूंची नक्कल तर अशी करायची की बाई पोट धरून हसत. शेवटी त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं, "ऐका तरी!"

मोठ्या बाई दारात आल्या मात्र, मुलीच्या तोंडाला कुलूप.

"वा! फारच छान बोलते हो," म्हणून त्या चालू लागल्या.

बाईंच्या लक्षात आलं. चूक मुलीची नव्हती. चार महिने समोर तोच चेहरा, तीच खोली, दार लावलेलं. तालमी झकास झाल्या, पण प्रेक्षक कधी दाखवलेच नव्हते!

दुसऱ्या दिवसापासून तास खोलीबाहेर. आधी मुलीनं शिपाईमामांना वेळ विचारायची.

"रोज मलाच काय विचारतेस गं? घरी घड्याळ नाही?" मामा कुरकुरायचे. मुलगी अडखळत का होईना, उत्तर द्यायची. मग एक मैत्रीण, मग चार. बाई आधी शेजारी, मग दहा पावलं मागे, मग खांबाआड.

सहामाहीच्या आदल्या दिवशी, भूगोलाच्या तासाला मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. आरशाच्या बाई दाराबाहेर, विंगेत उभं राहावं तशा. नदीवरचा प्रश्न आला. मुलगी उठली. पहिलाच शब्द अडला. वर्गाच्या बाईंना राहवेना, त्या शब्द पुरवायला पुढे झुकल्या. दाराबाहेरून आरशाच्या बाईंनी जोरजोरात मान हलवली. नको! थांबा!

वर्गाच्या बाई मागे सरल्या.

मुलीनं श्वास घेतला, आणि नदी डोंगरातून निघाली. दोनदा अडली, पुन्हा वाहिली. उत्तर संपलं तरी मुलगी बसेना. नदीवरून धरण, धरणावरून पोहताना चष्मा हरवून बसलेले आजोबा. वर्ग खिदळला. घंटा झाली, तरी आजोबा पाण्यातच.

मोठ्या बाई हसू दाबत बाहेर आल्या. "अहो, आता हिला गप्प कोण करणार?"

आरशाच्या बाईंनी मनगटानं डोळे पुसले.

"ते तुमचं तुम्ही बघा, मोठ्या बाई. ते माझ्या कामात येत नाही."