सुरतच्या दोन खोल्या

आमचे आण्णा सगळं वेळच्या वेळी करणारे, एवढं एक सोडून. उमेदीची वर्षं त्यांनी सुरतेच्या कापड गिरणीत काढली, तिथं दोन खोल्या घेतल्या आणि आई गेल्यावर कोल्हारला परत येऊन रान बघू लागले. खोल्यांत माझी थोरली बहीण राहिली. नवऱ्यानं टाकल्यापासून आक्का तिथंच होती. साड्यांना लेस लावायची आणि कुणापुढं हात पसरायची नाही.

आण्णांनी तालुक्याला जाऊन मृत्युपत्र केलं, रीतसर नोंदवलं. कोल्हारचं घर आणि रान दादाला. सुरतच्या खोल्या आक्काच्या, हे ते येता-जाता सगळ्यांना सांगत, पण त्या कागदात त्यांनी त्या घातल्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आगं, ते गुजरातमंदी हाय. हितला शिक्का तिकडं कोन मानतो? तिकडचा कागद तिकडंच जाऊन करायचा." मग ऊस तुटला की जाऊ, कांदे निघाले की जाऊ. कांदे निघायच्या आत तेच गेले.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. समोरच्या लिंबावर बसून कावळे नुसते बघत होते. माणसं उन्हात ताटकळली. चुलते म्हणाले, "त्याचा जीव कशात आडकलाय ते बोला." दादानं हात जोडून सांगितलं, रान पडीक ठेवणार नाही. मग म्हणाला, धाकटीचं माहेर तुटू देणार नाही. धाकटी म्हणजे मी. कावळे ढिम्म. काय राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे दादाकडेच बघत होते. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "आण्णा, सुरतच्या खोल्या आक्काच्याच ऱ्हातील." कावळा उतरला. बायका रडल्या, मीही रडले. आक्काचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

नंतर मी वकील गाठला. तो म्हणाला, मृत्युपत्राला राज्याची शीव नसते. त्याच कागदात दोन ओळी वाढवल्या असत्या तरी भागलं असतं. आता त्या खोल्या तिघा भावंडांच्या झाल्या होत्या. मी आणि दादानं हक्क सोडून दिला तर त्या आक्काच्या होणार होत्या. माझी तयारी होती. पण आक्काच अडून बसली. "त्यानं पिंडापाशी शब्द दिलाय. आता सही मागायची म्हंजी त्याच्यावर इस्वास न्हाई म्हनायचं. मला ते जमनार न्हाई." मला तिचा राग आला. अजून येतो.

दादा वाईट नाही, असं लिहिताना हात जड होतो. त्याला पोरासाठी शहरात जागा घ्यायची होती आणि खोल्यांना गिऱ्हाईक चालून आलं. "आक्का काय रस्त्यावर पडती का? गावचं घर हाय की," म्हणाला. मी त्याला घाटावरची आठवण करून दिली. "कावळ्यापुढं बोललेलं कोर्टात चालतं का?" एवढं बोलून तोच बाहेर निघून गेला. विक्रीच्या कागदावर मी सही करणार नव्हते. आक्कानं माझ्यापुढं हात जोडले, भावाशी तोडू नको म्हणाली, म्हणून केली. भावाची सही मागायला जिला जमलं नाही, तिनं आपली मात्र मुकाट्यानं केली.

आता ती कोल्हारला दादाच्या मागच्या खोलीत असते. लेस लावायचं मशीन पडवीत झाकून ठेवलंय. इकडं त्याला काम नाही.

आण्णांच्या वर्षश्राद्धाला मी गेले होते. कावळ्याचं पान आक्कानंच गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. पाण्याचा तांब्या घेऊन मी मागं उभी होते. तिनं हात मागं घेतला नाही तोच कावळा येऊन बसला आणि भात खाऊ लागला. आक्का त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बघ, लगीच आले आण्णा," ती म्हणाली. "त्यांना आजून कुनी सांगितलं न्हाई वाटतं."